आमचा भावड्या फुल्ल सेहेचाळीस!

लग्न ठरलं की कोल्हापुरात तीन प्रश्न हमखास येतात. पहिला, "पोरगं काय करतंय?" दुसरा, "पुण्यात फ्लॅट आहे काय?" आणि तिसरा, जरा आवाज खाली घेऊन, "पत्रिका बघितलीसा न्हवं?" माझ्या केसमध्ये तिन्ही पेपर डिस्टिंक्शनमध्ये सुटले. पोरगं हिंजवडीत, आयटीत. फ्लॅट आहे, लोनचा का असेना. आणि पत्रिकेत ३६ पैकी २७ गुण! आईनं अंबाबाईची ओटी भरली, बाबांनी कार्यालयांच्या तारखा विचारायला सुरुवात केली आणि मी इन्स्टावर 'कमिंग सून' टाकायच्या बेतात होते.

तेवढ्यात चौथा प्रश्न आला. तो कुणा मावशीनं नाही, तर एका डॉक्टर मॅडमनी फोनवर विचारला. आणि त्या एका प्रश्नानं आमच्या घरात पंचवीस वर्षं चालत आलेली गोष्ट उलटीपालटी झाली. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडं बॅकग्राउंड. मी फ्रीलान्स पत्रकार. मास कम्युनिकेशनची डिग्री आहे, पण नातेवाइकांच्या भाषेत मी 'घरात बसून कायतरी लिहीत असते'. बाबांचं राजारामपुरीत झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. आई घर सांभाळते, म्हणजे सगळंच सांभाळते. आणि माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान भाऊ. त्याला अख्खी गल्ली भावड्या म्हणते. भावड्याला डाऊन सिंड्रोम आहे.

हे वाचून तुमच्या चेहऱ्यावर जे 'अरेरे' आलं ना, ते प्लीज बाजूला ठेवा. आमच्याकडे ते खूप साठलंय.

भावड्याचा जन्म फेब्रुवारी २०००चा. अंग एकदम मऊ, मान उशिरा धरली, बसला उशिरा आणि चालायला लागला तेव्हा अडीच वर्षांचा होता. नीट शब्द यायला चौथं वर्ष उजाडलं. डाऊन सिंड्रोममध्ये हे असंच होतं. स्नायूंचा ताण कमी असतो, त्यामुळे चालणं-बोलणं सगळंच लेट. बुद्धीची वाढ सावकाश होते, पण थांबत नाही. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. आमचं नशीब बरं, भावड्या त्यातून सुटला. थायरॉइडची गोळी मात्र रोज सकाळी उपाशीपोटी, आणि ती तो स्वतः आठवणीनं घेतो. विशेष शाळेत गेला, लिहायला थोडंफार शिकला. आता बाबांच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करतो. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टना त्याचंच बाइंडिंग लागतं, कारण तो एकही पान वाकडं जाऊ देत नाही. वेळ लागतो, पण काम चोख. आणि फुटबॉल! सीझनमध्ये शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच असली की साहेब दुकानात सापडणार नाहीत. हिशेबाला कच्चा आहे, पण कुठल्या मॅचमध्ये गोल कुणी मारला, हे त्याला विचारा.

तर झालं असं, की मार्चसाठी मी एक लेख करत होते. २१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन. २००६ पासून तो पाळला जातो आणि २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांतर्फेही. तारखेतच फंडा आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या म्हणजे क्रोमोसोमच्या २३ जोड्या असतात. त्यातल्या २१ नंबरच्या जोडीत दोनाऐवजी तीन प्रती आल्या की डाऊन सिंड्रोम. म्हणून २१ तारीख, तिसरा महिना. साधारण सात-आठशे जन्मांमागे एका बाळाला तो असतो.

त्या लेखासाठी जेनेटिक्सच्या एका डॉक्टर मॅडमना फोन केला. मुलाखत संपता संपता सहज बोलून गेले, "मॅडम, माझ्या भावालाही आहे." त्यांनी विचारलं, "त्याचा कॅरिओटाइप केलाय?" म्हटलं, "बघायला लागेल. लहानपणी चेहऱ्यावरूनच निदान झालं होतं." मग त्या म्हणाल्या, "तुमचं लग्न व्हायचंय ना? मग भावाचा आधी करून घ्या."

माझं लग्न आणि भावड्याचं रक्त, यांचा काय संबंध? सांगते. कारण हे मलाही माहीत नव्हतं, आणि मी पंचवीस वर्षं डाऊन सिंड्रोमच्या शेजारच्या कॉटवर झोपलेय.

शंभरातल्या पंचाण्णव मुलांमध्ये ती जादा २१ नंबरची प्रत निव्वळ योगायोगानं येते. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, पण ती आनुवंशिक नसते. शंभरात तीन-चार मुलांचं प्रकरण मात्र वेगळं. त्यांच्यात जादाचं २१ सुटं नसतं, दुसऱ्या क्रोमोसोमला चिकटलेलं असतं. याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. आणि त्यातल्याही साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये ही चिकटलेली जोडी आई किंवा बाबांकडून आलेली असते. म्हणजे डाऊन सिंड्रोमच्या शंभर मुलांमागे जेमतेम एक. इतकं दुर्मीळ. ही मुलं दिसायला-वागायला बाकीच्या डाऊन मुलांसारखीच. फरक फक्त मायक्रोस्कोपखाली कळतो. पण तो फरक अख्ख्या खानदानाला लागू होतो.

भावड्याचं रक्त घेतलं, पुण्याच्या लॅबला पाठवलं. या टेस्टला वेळ लागतो, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीनेक दिवस वाढवायच्या, त्या ऐन विभागणीच्या वेळी औषधानं थांबवायच्या, मग रंगवून क्रोमोसोमचे फोटो काढायचे आणि नंबरवार जोड्या लावायच्या. तीन आठवड्यांनी मेल आला. १४ नंबरचं आणि २१ नंबरचं क्रोमोसोम एकमेकांना चिकटलेलं. वर दोन सुटे २१. मॅडम म्हणाल्या, "आता तुमचं तिघांचं."

खरं सांगू? ते पुढचे तीन आठवडे मी जितकी गूगल केली तितकी परीक्षेलाही केली नव्हती.

रिपोर्ट आला तेव्हा मी दुकानात होते. आईचे ४६, सगळं नॉर्मल. बाबांचे ४५. माझे ४५. म्हणजे बाबांमध्ये आणि माझ्यात १४ आणि २१ची ती चिकटलेली जोडी आहे, पण आम्ही दोघं ठणठणीत. आम्ही फक्त कॅरिअर. (करिअर करायला गेले आणि कॅरिअर झाले, हा पीजे मी आधीच मारून घेतलाय. तुम्ही नका मारू.)

हे कसं शक्य आहे, ते बाबांना समजावायला मी ऊस आणला. म्हणजे उदाहरण. सीझनला आपल्याकडे एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या बघता ना? समजा प्रत्येक माणसाकडे १४ नंबरच्या दोन आणि २१ नंबरच्या दोन ट्रॉल्या. बाबांच्याकडे त्यातली एक १४ आणि एक २१ कायमची जोडलेली. ऊस सगळा आहे, कमी-जास्त काही नाही, फक्त मोजताना दोनची एक धरली. म्हणून ४५. घोटाळा होतो तो मुलाला वाटा देताना. सुट्या १४ आणि २१ गेल्या तर मूल नेहमीसारखं. नुसती जोडलेली जोडी गेली तर माझ्यासारखं कॅरिअर. आणि जोडलेल्या जोडीबरोबर सुटी २१ पण गेली, तर भावड्या. बाकीचे जे प्रकार होतात त्यात बहुतेकदा गर्भ टिकतच नाही.

आता गंमत बघा. भावड्याचे मोजून किती भरले? ४६. पूर्ण. म्हणजे ज्याला जन्मभर लोक 'अब्नॉर्मल' म्हणत आले, तो मोजणीत फुल्ल, आणि ज्याच्या दुकानावर बोर्ड आहे तो मालक एकानं कमी! मी रिपोर्ट वाचून दाखवत होते तेव्हा भावड्या बाइंडिंग करत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "तायडे, माझे किती?"

"सेहेचाळीस."

"तुझे?"

"पंचेचाळीस."

"मी जिंकलो," म्हणाला आणि पुढच्या प्रोजेक्टला भोकं पाडायला लागला.

मी हसले. बाबा नाही हसले. ते कागद हातात घेऊन बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्याकडनं आलं."

इथं तुम्हाला ग्रहणाची गोष्ट सांगायला पाहिजे.

११ ऑगस्ट १९९९ला सूर्यग्रहण झालं होतं. गुजरातपासून आंध्रपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. आई तेव्हा गरोदर होती, तिसरा महिना. आणि मी तीन वर्षांची, भूक लागली म्हणून भोकाड पसरलेली. आईनं विळी घेतली आणि मला काकडी चिरून दिली. बस. एवढाच तिचा गुन्हा. भावड्या झाला आणि आजीनं निकाल लावला: हिनं ग्रहण पाळलं नाही. आजी काही दुष्ट बाई नव्हती बरं का. भावड्याला तिनंच मांडीवर वाढवलं, त्याच्यासाठी जोतिबाला अनवाणी गेली. पण ग्रहणाचं वाक्य ती बारशाला बोलली, हळदी-कुंकवाला बोलली, दवाखान्याच्या बाकावर बोलली. आत्या बोलल्या, शेजारच्या काकू बोलल्या. बाबा कधी बोलले नाहीत. पण कधी 'गप्प बसा' असंही म्हणाले नाहीत. आणि आई? आई पुढच्या प्रत्येक ग्रहणाला सुरी-विळी माळ्यावर टाकायची. मला वाटायचं, श्रद्धा आहे. आता कळतं, तिनं आरोप मान्य करून टाकला होता.

जरा हिशेब करा. भावड्या फेब्रुवारीत झाला, म्हणजे गर्भ राहिला तो मे महिन्यात. ट्रॉल्यांची चुकीची वाटणी झाली ती त्याच्याही आधी, बाबांच्या शरीरात. ऑगस्टमध्ये सूर्य झाकला, काकडी चिरली, तेव्हा भावड्याचं सगळं ठरून तीन महिने झाले होते. आणि बाबांना तरी दोष कसा द्यायचा? बाप कॅरिअर असेल तर असं मूल होण्याची शक्यता शंभरात एक-दोनच असते. त्यांना स्वतःला माहीतच नव्हतं. त्यांना ते आजीकडून आलं की आजोबांकडून, की त्यांच्यातच नव्यानं झालं, हे आता कुणाला कळणार? आजी २०१४ साली गेली.

त्या रात्री बाबांनी जेवताना आईला सांगितलं. इंग्रजी शब्द न वापरता, ट्रॉल्यांच्या भाषेत. आई भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "बरं. वाढू काय अजून?" मला वाटलं होतं रडेल, भांडेल, निदान पंचवीस वर्षांचा एखादा टोमणा तरी मारेल. काही नाही. रात्री उशिरा पाणी प्यायला उठले, तर ती स्वयंपाकघरात अंधारात बसली होती. म्हणाली, "तू पेपरात लिहितीस न्हवं? मग हे लिही. ग्रहणाचं काय नसतंय म्हणून लिही. अजून पोरींना सांगतात गं."

तर आई, लिहिलं.

आता माझं. पंचेचाळीसवाली मुलगी, लग्न ठरलेलं. बाईकडून हे पुढे जाण्याची शक्यता बापापेक्षा जास्त. माझ्या बाबतीत डाऊन सिंड्रोमचं मूल होण्याची शक्यता शेकडा दहा ते पंधरा. शिवाय गर्भपाताचा धोका जरा जास्त. मैत्रिणींचा सल्ला दोन गटांत विभागला गेला. एक गट: "आत्ता कशाला सांगतेस? लग्नानंतर बघू." दुसरा गट: "सांग, पण नीट पॅक करून सांग." मला दोन्ही जमेना. पत्रिकेतला मंगळ आपण सांगतो, मग क्रोमोसोम का लपवायचा?

रंकाळ्यावर भेळ खात सांगितलं. इंजिनिअर माणूस, ऐकून त्यानं पहिला प्रश्न केला, "म्हणजे ८५ ते ९० टक्के काही नाही?" मग गर्भजल तपासणी, आयव्हीएफमध्ये गर्भ आधीच तपासून निवडणं, सगळं विचारून घेतलं. या तपासण्या कायदेशीर आहेत, हेही मी सांगितलं. आपला १९९४चा कायदा लिंगनिदानाला बंदी घालतो, क्रोमोसोमच्या दोषाच्या तपासणीला नाही. माझ्यासारख्या केसेससाठी तर त्या आहेतच. साहेब एकदम रिलॅक्स. "मॅनेज होईल," म्हणाला.

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. "आई-बाबांनंतर भावड्या माझ्याकडे. म्हणजे आपल्याकडे."

यावर मात्र तो गप्प झाला. चांगला दहा मिनिटं. भेळ मऊ पडली. तेव्हा मला कळलं की खरा चौथा प्रश्न हाच होता. होणाऱ्या बाळाची टक्केवारी चर्चेला सोपी असते, कारण ते बाळ अजून नाहीये. भावड्या आहे. तो सकाळी सहाला उठतो, गाणी मोठ्यानं लावतो, आणि त्याची पिढी आता लवकर मरत नाही. अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोमच्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं, आता ६०च्या आसपास आहे. देव करो आणि आमचा त्याहून जगो. म्हणजे त्याची म्हातारपणाची चहाची वेळ मला बघायची आहे.

आठवडाभरानं त्याचा फोन आला. म्हणाला, "मी हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. चार दिवस त्याला माझ्याकडे पाठव." भावड्या बॅग भरून हिंजवडीला गेला. चार दिवसांनंतरचा रिपोर्ट जसाच्या तसा देते: झोप झाली नाही, सोसायटीच्या वॉचमनशी त्याची दोस्ती झाली, एकदा लिफ्टमध्ये चुकीच्या मजल्यावर उतरून रडला, आणि कपाटातले सगळे शर्ट रंगाप्रमाणे लावून ठेवले. "सोपं नाहीये गं," साहेब म्हणाला. "पण अवघड का आहे ते आता मला माहितीये." मला या वाक्याइतकं प्रामाणिक वाक्य अजून कुणी दिलेलं नाही. त्याच्या आईला मात्र अजून पटलेलं नाही. "आमच्यात असं कुणी नाही," त्या म्हणतात. मी मनात म्हणते, काकू, मोजलंय का कुणी? अशा प्रकारची कुठली ना कुठली जोडणी साधारण हजारात एका माणसात असते. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे पाचशेवर पंचेचाळीसवाले या गावात मजेत मिसळ खातायत. बहुतेकांना पत्ताच नाही.

दरम्यान आम्ही एक काम उरकायला घेतलं, जे २०१८ मध्येच व्हायला हवं होतं. मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाची निरामय नावाची एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणी भावड्या असेल तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि त्याचा कॅरिओटाइप झालेला नसेल तर तोही, विशेषतः घरात लग्नाची भावंडं असतील तर. रक्ताची एक नळी आणि काही हजार रुपये. साखरपुड्याच्या केकपेक्षा फार जास्त नाही.

सगळी उत्तरं मिळाली असं मात्र समजू नका. एक प्रश्न मी रोज रात्री पुढे ढकलते. उद्या दिवस गेले, तपासणी केली आणि रिपोर्ट भावड्यासारखा आला, तर? गर्भात गंभीर दोष असेल आणि वैद्यकीय मंडळानं मान्यता दिली, तर २०२१च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांच्या पुढेही गर्भपाताची परवानगी मिळू शकते. निर्णय बाईचा, आणि तो तसाच असला पाहिजे. हे मी दुसऱ्या कुणाच्याही बाबतीत ठणकावून सांगेन. पण स्वतःचा विचार करायला बसले की पलीकडच्या खोलीतून भावड्याचं घोरणं ऐकू येतं. एकीकडे आईची पंचवीस वर्षं आठवतात, दुसरीकडे हा. कुणालाही 'नको' म्हणवत नाही. साहेबाला हे सांगितलं. तो म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा, पण दोघांनी." सध्या एवढ्यावर आहे.

२०१४ साली 'यलो' नावाचा मराठी सिनेमा आला होता, आठवतो? पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ, तिच्या आयुष्यावरचा. डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरीनं स्वतःच त्यात काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. आमच्या घरी तो सगळ्यांनी मिळून बघितला होता. भावड्याला पोहायला येत नाही, तो मेडल आणणार नाही. आई तेव्हा म्हणाली होती, "तिच्या आईला किती बरं वाटलं असंल." मला तेव्हा वाटलं, आईला मेडल हवंय. आता वाटतं, तिला कुणीतरी 'तुझं काही चुकलं नाही' एवढं म्हणायला हवं होतं.

हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचून दाखवला. ती विळीवर मेथी निवडत होती. मध्ये मध्ये थांबून ऐकलं. रंकाळ्याच्या भागाला म्हणाली, "भेळ वाया घालवलीसा." शेवटी विचारलं, "ग्रहणाचं लिहिलंस न्हवं?"

"लिहिलं की."

"मग बास," म्हणाली, आणि मेथी चिरायला घेतली.